तिचाही मित्र गेला आहे

रानजाई

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहिते आहे, कारण घरात जे चाललंय ते कुणापुढे मांडावं हे सुचत नाहीये, आणि इथे नागपूरची, विदर्भातली बरीच मंडळी आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ताई आणि जिजाजी यवतमाळला, ही शिकायला माझ्याकडे. पहिल्या वर्षापासून तिचा चौघांचा गट. दोन मुली, दोन मुलं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलं नसेल. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. आमच्याही तळमजल्यात कमरेइतकं पाणी होतं. दुपारी ही चार पोरं आली. कॉलेज नुकतंच सुरू झालेलं, एकमेकांची धड ओळखही नव्हती. फ्रीज बाहेर काढला, गाळ उपसला, शेजारच्या आजींच्या गाद्या गच्चीवर नेल्या. त्यातला एक मुलगा रात्री उशिरापर्यंत आजींच्या लग्नाच्या अल्बममधले फोटो अलगद सुटे करून पंख्याखाली वर्तमानपत्रावर मांडत बसला होता. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. त्या रात्रीपासून चौघांची गट्टी जमली.

तोच मुलगा या हिवाळ्यात गेला. त्याच्याबद्दल मी वाईट लिहिणार नाही, आणि इथे कोणी लिहू नये अशी विनंती आहे.

त्याचा भाचीवर जीव जडला होता. दिवाळीनंतर त्याने तिला सांगितलं. तिने समोर बसून, नीट, त्याच वेळी सांगितलं की माझ्या मनात तसं काही नाही. गोष्ट तिथेच थांबली असती. पण गटाबाहेरचे मित्र मध्ये पडले. ‘पोरी पहिल्यांदा नाहीच म्हणतात, लावून धर.’ कुणाच्या तरी वाढदिवसाचं निमित्त सांगून तिला फुटाळा तलावावर बोलावलं. केक, फुगे, गुडघ्यावर बसलेला तो, आणि चहूबाजूंनी मोबाइल. ती तिथेही नाही म्हणाली आणि ऑटो करून घरी आली. व्हिडिओ त्याच रात्री कॉलेजभर फिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा मेसेज आला. ‘तुला असं सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं. मैत्री ठेवशील?’ हिने लिहिलं, ‘थोडे दिवस जाऊ दे, मग बोलू.’

ते बोलणं झालंच नाही. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आटोपलं त्याच्या पुढच्या आठवड्यात, रात्री एकच्या सुमारास, आउटर रिंग रोडवर त्याची गाडी उभ्या ट्रकला मागून धडकली. धुकं होतं. ट्रकचा मागचा दिवा बंद होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

तेरावं व्हायच्या आत कॉलेजात एकच गोष्ट पक्की झाली: तिच्यामुळे गेला. फुटाळ्याचा व्हिडिओ त्याच्या फोटोला जोडून, मागे रडकं गाणं लावून स्टेटसवर फिरतोय. ती त्याच्या घरी भेटायला गेली, तर फाटकातच कोणीतरी म्हणालं, ‘आता कायले आली?’ ती परत आली. तेव्हापासून रडलेलीसुद्धा नाही. मला परवा म्हणाली, ‘मावशी, मी रडले तर लोक म्हणतील नाटक करते, आणि नाही रडले तर म्हणतील काळीज नाही.’

तिचाही मित्र गेला आहे हो. हे एकाही माणसाने तिला म्हटलेलं नाही. कोणी तिच्याजवळ बसून ‘फार वाईट झालं’ म्हटलं नाही.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तिला कॉलेजात परत कसं पाठवायचं? त्याच्या आईवडिलांना भेटायला जावं की नको? आणि त्याचे एक नातेवाईक पोलिसांत तक्रार करू म्हणताहेत, त्याचं काय करायचं?

महालकर

ताई, वाचून पोटात गोळा आला. लेकराच्या आईबापाचं काय झालं असेल, आणि तुमच्या पोरीचं काय होऊन राहिलं असेल.

मी नागपूरच्या महाल भागातच जन्मलो, वाढलो. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते आमच्या इथून. काळी, पिवळी, सोबत बडग्यांचे पुतळे. ‘ईडा पीडा, रोगराई, जादूटोणा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत साऱ्या गावाचं दुःख त्या पुतळ्यावर लादायचं अन् गावाबाहेर नेऊन जाळून टाकायचं. मन हलकं होते माणसाचं. पण तो पुतळा असते. त्या पोट्ट्यांनी जित्या पोरीची मारबत करून टाकली. त्यायलेही दुःख झालंच असन, नाही म्हणत नाही मी. पण ते कुठं नेऊन ठेवावं हे त्यायले कोणी शिकवलं नाही.

तुम्ही तिच्या पाठीशी राहा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

गोरेवाडा

मुलाच्या आईवडिलांच्या बाजूनेही कोणी लिहायला हवं म्हणून लिहितो. मी दोन मुलांचा बाप आहे.

रोज सोबत चहा, परीक्षेच्या आधी रात्री बारा-बारापर्यंत चॅट, कुठे जायचं असलं की त्याच्याच गाडीवर मागे. मुलाच्या मनात काही येणारच. तुमच्या भाचीने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण या वयाच्या मुलींनीही अंतर राखायला हवं. नाहीतर समोरचा आशेवर जगतो आणि एक दिवस ती आशा तुटते. ज्यांचा मुलगा गेला त्यांनी कुणावर तरी रागवायचं नाही का?

पळस

काका, मी नागपुरातच शिकतो, वय साधारण या चौघांएवढंच. चहा सगळेच सोबत पितात. लॉ कॉलेज चौकातल्या टपरीवर संध्याकाळी जाऊन बघा, दहा-दहा जणांची टोळकी असतात. एका गाडीवर बसणं म्हणजे होकार असता, तर माझ्या बहिणीने कॉलेजला पायीच जायला हवं.

खरं काय होतं ते सांगतो. आमच्या वर्गात कुणाला कोणी आवडली की ती त्याची एकट्याची गोष्ट राहतच नाही. ‘भाऊ, तू फक्त सांग, सेटिंग आम्ही लावतो.’ मग तिच्या मैत्रिणींकडून बातम्या काढणं, ती दिसली की त्याचं नाव घेऊन ओरडणं, ग्रुपवर तिचा डीपी टाकणं. ती नाही म्हणाली तरी टोळकं मागे हटत नाही, कारण तोवर ती टोळक्याच्या इज्जतीची गोष्ट झालेली असते. मुलाला स्वतःला थांबायचं असतं, पण थांबला तर ‘फट्टू’ म्हणतात. दोघांत मिळालेला नकार माणूस पचवतो. आठ-दहा दिवस जेवण जात नाही, मग जातं. चाळीस कॅमेऱ्यांसमोर मिळालेला नकार पचवायला कुठे जाणार तो? रोज वर्गात तेच चाळीस जण.

या मुलाने तरीसुद्धा दुसऱ्याच दिवशी तिला मेसेज केला. मोठी गोष्ट आहे. मी जी मुलं बघतो त्यांतल्या फार थोड्यांना हे जमलं असतं. त्याची आठवण काढायची तर त्या मेसेजची काढायला हवी. पण फिरतोय कोणता व्हिडिओ, तर तिच्यासोबत तोही ज्याने शरमला होता तोच.

वैनगंगा

मी वर्ध्याला शिकवायचे. ३ फेब्रुवारी २०२० ला हिंगणघाटच्या नांदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने पेटवून दिलं. नागपुरात उपचार सुरू असताना १० तारखेला ती गेली. बरोबर दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२२ ला, त्याला जन्मठेप झाली. त्या आठवड्यात माझ्या वर्गातल्या मुलींनी मला विचारलं होतं, ‘मॅडम, नाही म्हणायचं तरी कसं?’ त्यावर देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

रानजाई, तुमच्या भाचीच्या मित्राला मी त्या रांगेत बसवत नाहीये. तो तसा नव्हता हे तुम्ही लिहिलंय आणि ते दिसतंही आहे. पण गोरेवाडा म्हणतात तसं अंतर राखायचं ओझं मुलींवर टाकताना एवढं लक्षात असू द्या की आपल्याकडच्या मुली नकार देताना आधीच घाबरलेल्या असतात. गोड बोलून टाळलं तर ‘आशा लावली’, तोंडावर सांगितलं तर ‘काळीज नाही’. या मुलीने पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. यापेक्षा नीट नाही म्हणण्याची रीत मला तरी माहीत नाही.

काळाकोट

तक्रारीच्या मुद्द्यावर लिहितो. वकिली नागपुरातच करतो.

पहिली गोष्ट, तुम्ही सांगता त्यावरून हा अपघात आहे. उभा ट्रक, बंद दिवा, धुकं. रस्त्यावर वाहन असं धोकादायक रीतीने उभं करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १२२ चा भंग आहे.

दुसरी गोष्ट, नातेवाइकांनी आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप करायचं ठरवलंच, तर ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०८, पूर्वीचं ३०६. त्यासाठी मुळात आत्महत्या सिद्ध व्हावी लागते, आणि वर चिथावणी किंवा जाणूनबुजून केलेली मदत दाखवावी लागते. प्रेमाला नकार देणं यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लग्नाला दिलेला नकार एवढ्यावरून प्रवृत्त केल्याचा गुन्हा होत नाही असं म्हणून आरोपीची शिक्षा रद्द केली. भाचीला हे आजच सांगा. पोलीस येतील या धास्तीने मुली आठवडेच्या आठवडे झोपत नाहीत.

तिसरं, स्टेटस आणि व्हिडिओचे स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. कुणाशी ऑनलाइन भांडू नका. कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी अर्ज द्या. फुटाळ्याचा प्रकार आणि त्यानंतरचा छळ, दोन्ही लिहा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

आणि एक. तुमची त्या घरच्यांशी भेट झाली तर, योग्य वेळ बघून, कोणीतरी त्यांना हेही सांगा की अपघाताच्या भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे करता येतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. सगळा राग एका मुलीवर निघत असताना ट्रकमालकाचं नाव कोणी विचारलेलं नसतं.

संवादिनी

मी समुपदेशक आहे, तरुण मुलांसोबतच काम करते. रानजाई, भाचीच्या मनात ‘मी हो म्हटलं असतं तर तो वाचला असता’ हे चालू असणार. ‘असा विचार करू नको’ म्हणून ते थांबत नाही. तिला ते पूर्ण बोलू द्या, मध्ये न तोडता. बोलून झाल्यावर विचारा, त्या रात्री कोणकोणत्या गोष्टी घडल्या? ट्रक, दिवा, धुकं, हेल्मेट, इतक्या रात्री एकटं बाहेर पडणं. तिच्या नकाराशिवायही त्या रात्रीत कितीतरी गोष्टी होत्या, आणि त्या तिच्या तिला दिसायला हव्यात.

तिला सरळ विचारा, ‘तुला जगू नये असं वाटतं का?’ विचारल्याने तसे विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट होते. उत्तर हो असेल तर तिला एकटी ठेवू नका आणि लगेच मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्रीबेरात्री मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात.

‘प्रेमासाठी गेला’ असं मुलांनी म्हणत राहणं फार धोक्याचं आहे. तो त्या रात्री का निघाला, हे कोणालाच माहीत नाही. अपघाताला बलिदान करून टाकलं की वर्गात आत्ता ज्याचं मन मोडलेलं आहे त्या मुलापर्यंत काय पोहोचतं याचा विचार करा. कॉलेजने श्रद्धांजली ठेवली तर प्राचार्यांनी अपघात हा शब्द स्वच्छ उच्चारावा, एवढी विनंती तुम्ही नक्की करा.

पळस

मावशी, एक विचारू? चौघांतले उरलेले दोघं कुठे आहेत? स्टेटस सुरू कोणी केले?

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काळाकोट, तुमचं लिहिणं भाचीला वाचून दाखवलं. त्या रात्री ती झोपली.

पळस, तू नेमकं तेच विचारलंस जे मी लिहायचं टाळलं होतं. दुसरा मुलगा गावी निघून गेलाय, फोन उचलत नाही. तो गेलेल्याचा जिवलग. भाचीच्या मनात या दुसऱ्याबद्दल काही होतं, हे मला आत्ता कळलं. त्याला तिने कधी सांगितलं नाही, आणि आता सांगणंच शक्य नाही असं ती म्हणते.

आणि स्टेटस चौथीने सुरू केले. भाचीची सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचं त्या मुलावर पहिल्या वर्षापासून प्रेम होतं. कोणाला बोलली नव्हती, त्याला तर नाहीच. तो भाचीबद्दल बोलायचा आणि ही ऐकायची, समजूतही काढायची. फुटाळ्यावरच्या त्या केकवर त्याचं आणि भाचीचं नाव लिहून आणायला तीच गेली होती. हे सगळं भाचीला त्याच्या मृत्यूनंतर, तिने रागाने पाठवलेल्या एका लांबलचक मेसेजमधून समजलं. ‘तुला न मागता मिळत होतं आणि तू लाथाडलंस,’ असं लिहिलंय त्यात.

मला त्या मुलीचा राग येतो, आणि तिच्याकडे बघवतही नाही. तिला तर ‘माझा कोण गेला’ हेही कोणाला सांगता येत नाहीये.

संवादिनी

या मुलीची मला भाचीपेक्षा जास्त काळजी वाटते. भाचीजवळ तुम्ही आहात. हिच्याजवळ कोण आहे? वसतिगृहात राहते की घरी? तिच्या आईपर्यंत पोहोचता येत असेल तर नक्की पोहोचा. तक्रार म्हणून नको. ‘तुमची मुलगी फार दुःखात आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या’ एवढंच सांगा. तिचं गुपित मात्र तिच्या आईजवळ फोडू नका.

गोरेवाडा

माझं मत बदललेलं नाही, मुलामुलींनी अंतर राखावं असंच मला वाटतं. पण ही चौथी मुलगी वाचली आणि बराच वेळ काही सुचलं नाही. तिच्या वडिलांशी कुणी पुरुषमाणसाने बोलायला हवं असेल तर मला निरोप करा, मी जाईन.

तुळस

मी मुलगा गमावलेली आई आहे. बरीच वर्षं झाली, आजारपणात गेला. त्यामुळे रानजाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

जा. पण लगेच सगळे मिळून जाऊ नका. माझ्या मुलाची एक मैत्रीण होती. तो गेल्यावर ती यायची तर मला तिच्याकडे बघवायचं नाही. तिने काही केलं नव्हतं. ती जिवंत होती, एवढाच तिचा गुन्हा. तिचे केस वाढलेले दिसायचे, नवीन चप्पल दिसायची, तेही खुपायचं. तेव्हा फाटकात जे बोललं गेलं ते मनावर घेऊ नका. त्या दिवसांत घरात बोलणारे बहुतेक दूरचेच असतात.

आधी त्याच्या वडिलांना फोन करा. तुम्ही एकट्या जा, दुपारी चारनंतर, म्हणजे जेवणाचा आग्रह आणि चहापाण्याची धावपळ होत नाही. भाचीची बाजू मांडू नका. तिथे बाजू नसतात. त्याच्याबद्दल बोला. पुरात त्याने फोटो वाळवले ते सांगा. बाहेर आपलं लेकरू कसं होतं हे आईला ठाऊक नसतं, आणि तेच ऐकायची भूक असते. मला आजही आहे. त्याचं काही तुमच्याकडे असेल, आवाज, अक्षर, तर ते आहे एवढंच सांगा. लगेच काढून पुढे करू नका. त्या मागतील तेव्हा द्या.

रानजाई

जाऊन आले. वडील म्हणाले होते, तुम्ही या, तिला आणू नका. म्हणून एकटीच गेले.

तुळसताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. पुराच्या दिवसाचं सांगितलं. त्यांना त्यातलं काहीच माहीत नव्हतं, तो घरी फक्त ‘मित्राकडे आहे’ म्हणाला होता. आई बराच वेळ ऐकत होत्या. भाचीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही काढलं नाही. निघताना सांगितलं की आमच्याकडे त्याचे व्हॉइस मेसेज आहेत, परीक्षेच्या आधी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स समजावून सांगतानाचे, खूप सारे. त्या म्हणाल्या, ‘पाठवा.’ दाराशी आल्यावर पुन्हा म्हणाल्या, ‘सगळे पाठवा.’

भाचीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा रडली. अजून कॉलेजात जायला तयार नाही. समितीकडे अर्ज दिलाय, प्रॅक्टिकलची बॅच बदलून मिळेल असं तोंडी तरी म्हणाले. चौथीच्या आईशी फोनवर बोलणं झालं, त्या तिला घरी घेऊन गेल्या आहेत. गोरेवाडा, तुमचं लिहिणं लक्षात आहे, गरज पडली तर नक्की सांगेन.

आता एक तांत्रिक मदत हवी आहे. व्हॉट्सॲपवरचे हे मेसेज एकही न हरवता काढायचे कसे? भाचीचा फोन जुना आहे, मध्येच बंद पडतो. ती एकेक करून फॉरवर्ड करत बसली होती, पण प्रत्येक वेळी ऐकावं लागतं आणि पुढे जमत नाही तिला.

पळस

मावशी, फॉरवर्ड करू नका. त्याचं चॅट उघडून ‘एक्स्पोर्ट चॅट’ करताना मीडियासकट पर्याय निवडता येतो, पण चॅट मोठं असेल तर जुनं सगळं त्यात येत नाही. त्यापेक्षा फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि व्हॉट्सॲपच्या मीडिया फोल्डरमधलं ‘व्हॉइस नोट्स’ हे फोल्डर आख्खं कॉपी करा. तारखेनुसार कप्पे असतात. सगळ्यांचेच मेसेज एकत्र असतील, पण तारखा चॅटशी लावून त्याचे वेगळे करता येतील. फाइली ‘ओपस’ प्रकारच्या असतात, काकूंच्या टीव्हीवर किंवा साध्या फोनवर त्या लागणार नाहीत. एमपीथ्री करून घ्याव्या लागतील.

हे ऐकत बसायचं काम तिला देऊ नका. मी धरमपेठेत राहतो, मला फोल्डर द्या, मी करून देतो. दोन पेन ड्राइव्ह आणा, एक त्यांच्यासाठी, एक तिच्यासाठी.